मागाचा खड्डा

नीलमनगरच्या शेडमध्ये त्या सहाजणी आल्या तेव्हा
एप्रिल होता, छताचा पत्रा तडतडत होता.
संस्थेच्या पोरानं युगांडाची नावं वाचून दाखवली.
एक नाव अकेल्लो.
आमच्या पोरी पदराआड हसल्या,
अकेली आली गं बाई, एवढ्या लांबून.
तिनं दुभाष्याकडून समजून घेतलं, तीही हसली.
त्यांच्यात जुळ्यांच्या पाठीवर जन्मते, ती अकेल्लो.
मग ती जुळी कुठायत, मी विचारलं.
दुभाष्यानं ते पुढं विचारलंच नाही.

मला कुणी साठीत मास्तरीण म्हणेल असं वाटलं नव्हतं.
चाळीस वर्षं विड्या वळल्या,
फक्त सासऱ्याचा हातमाग विकू दिला नाही.
पॉवरलूम आले, किलोच्या भावानं भंगारात गेले.
हा राहिला.
ह्याला वीज लागत नाही, ह्याला भावही येत नाही.
आता म्हणे हाच कामाचा,
तिकडं गावात खांब आहेत, तारा कुणी कापून नेल्या.

मी म्हटलं, ये, उतर.
खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पावड्या खाली असतात.
अकेल्लो कडेलाच थांबली.
तिच्या मागं बाकीच्या पाचजणी.
मला वाटलं, साप दिसला का काय.
पोरगा मान खाली घालून म्हणाला,
अक्का, लढाईच्या वर्षांत यांच्या गावात
खड्डा एकाच कामाला खणायचे.

काय बोलणार?
चप्पल काढली, आधी मी उतरले.
गुडघे वाजले. खाली गार होतं,
सासऱ्याच्या तंबाखूचा वास अजून मातीत.
दोन बोटं कापड विणलं.
धोटा गेला, आला.
गेला, आला.
वर बघितलं तर ती सँडल काढत होती.

तिसऱ्या आठवड्यात मला शहाणपण सुचलं.
तुटल्या धाग्याची गाठ शिकवताना म्हणाले,
गावही असंच जोडायचं असतं बघ.
तिची बोटं थांबली.
धाग्याला, ती म्हणाली, कुणी तोडलं ते आठवत नाही.
माझं घर पेटवणारा समोरच राहतो.
तेव्हा पंधरा वर्षांचं पोर होतं,
बंदूक त्याच्यापेक्षा उंच.
आता त्याला दोन मुली.
त्याची बायको येणारे माझ्याकडं शिकायला.
ताणा ओढायचा तर पलीकडं दुसरं माणूस पाहिजेच ना?
गाठ मारली, दातानं टोक तोडलं.
त्यानंतर मी नुसत्या गाठी शिकवल्या.

जेवताना शेंगाचटणी बोटानं चाटून
ती तिच्या आईबद्दल काहीतरी बोलली, तिच्याच भाषेत.
प्रश्न मात्र सगळे हिशेबाचे.
वही कोण लिहितं? सूत उधार मिळतं का?
विक्रीचे पैसे कुणाच्या हातात?
माझ्या ट्रंकेत, मी म्हटलं.
आणि किल्ली?
मी पोलक्यातनं काढून दाखवली.
सहाहीजणी अशा हसल्या
की शेजारच्या कारखान्यातला जॉबर बघायला आला.

परवा नातवानं फोटो मोठा करून दाखवला.
झाडाखाली ओळीनं चार खड्डे,
चारांत चौघी, कमरेपर्यंत जमिनीत,
पोरं कडेला पाय सोडून बसलीत.
पाचवा अर्धाच झालाय.
कुणी पाठमोरा माणूस कुदळ मारतोय.
कोण, ते मी विचारलं नाही.
एवढंच कळवायला सांगितलं,
त्या पाचव्याची कड फार उभी घेतलीय,
पावसात ढासळेल.
उतार द्या म्हणावं.