जागा

डिस्क सत्त्याण्णव टक्के भरली,
हा मेसेज रात्री पावणेदोनला आला तेव्हा
मी खामल्यात गच्चीवर, ओल्या चादरीत.
स्कूटीचं हॅण्डल अजून तापलेलं.

सर्व्हर खोलीत अठरा डिग्री, यंत्रांसाठी.
दाराच्या फटीतून जेवढा गारवा गळतो
तेवढ्यावर चटई टाकून गणवीर चौकीदार झोपतो.
त्याला ओलांडून आत गेले.
माझी शाल खुर्चीवर असतेच, मे महिन्यातही.

काळी खिडकी, लुकलुकणारी दांडी.
आधी डीयू: कोण किती खातंय.
टँकर-मागणीचे लॉग, एकट्याचे एकसष्ट जीबी.
टेल मायनस एफ लावलं
आणि शहर खालून वर सरकू लागलं,
वाठोडा, नारा, हुडकेश्वर, पुन्हा वाठोडा,
दोन ड्रम, लग्नघर आहे, लवकर.

जुन्या फाइली जीझिप करत गेले,
हिवाळा संपला की रजया दाबून बांधतात तशा.
मग एक मोठी, निरुपयोगी, आरएमने पुसली.
डीएफ म्हणालं, जागा तेवढीच.

हे नंदनवार सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं,
तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर, चमच्याने हवेत कमांड लिहीत:
पुसली म्हणजे गेली नाही नं बाप्पा.
कोणीतरी तिले धरून राह्यते.
तो हात सोडत नाही तोवर
नाव जाते, जागा सुटत नाही.

एलएसओएफने तो हात शोधला. सोडवला.

लॉगरोटेटच्या यादीत मात्र
एक फाइल वगळलेली दिसली. सहा वर्षांपूर्वीचा मे.
वर हॅश टाकून सरांचा शेरा:
हे पुसू नये. वि. नं.
कारण नाही.
आणि सर तर साध्या बॅकअपलाही
चार ओळींचं कारण लिहिणारे.

लेसने उघडली.
एकच नंबर, शेवटी चारशे सतरा.
दोन अकरापासून दर मिनिटाला:
खरबी, एक ड्रम.
उत्तर पाचशे तीन, सेवा उपलब्ध नाही.
खरबी, एक ड्रम. पाचशे तीन.
ग्रेप लावून मोजलं, एकशे एक वेळा.
मग शेवटची ओळ,
तीन वाजून बावन्न मिनिटं, खर

पुढे काही नाही.
त्या रात्रीही डिस्क भरली होती, काठोकाठ,
दोन अक्षरांपुरतीच उरली होती.
ड्युटी कुणाची होती ते मी शोधलं नाही.
टँकर गेला की नाही, लॉगला ठाऊक नाही.
चारशे सतरा झोपला, की बादली घेऊन
शेजारच्या गल्लीत गेला, तेही नाही.

सर आता निवृत्त, पाचपावलीत राहतात.
फोन करावासा वाटला. साडेतीन वाजले होते.
केला नाही.

बाकीचं दाबलं, हलवलं, पुसलं.
एकाहत्तर टक्के.
त्यांच्या शेऱ्याखाली आणखी एक हॅश टाकला,
माझी आद्याक्षरं, आजची तारीख.
कारण मीही लिहिलं नाही.

निघण्याआधी पुन्हा टेल लावून पाहिलं.
खरबी, एक ड्रम. दोनशे, म्हणजे ठीक.
नंबर दुसराच होता.

दार ओढून घेताना
पायाशी आवाज आला.
मला वाटलं तुम्ही झोपलात, मी म्हटलं.
जागाच आहो मॅडम.
थोडं उघडं राहू द्या नं.