अकरावा रकाना

नोंदवहीतला अकरावा रकाना जोखमीचा,
माझ्या दोन बोटांएवढा रुंद.
त्यात मयुरी सोनकांबळे, वय वीस, राहणार इलठणपाडा, दिघा,
मी बसेल तेवढी बसवली:
रक्त आठ पॉइंट एक. पहिलं मूल चौदा महिन्यांचं.
लघवीत पू.
पुढे पानाची शिवण लागली.

बत्तिसाव्या आठवड्यात, मंगळवारी,
गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरता भरता
तिच्या कमरेतून कळ आली आणि गेली.
आली आणि गेली.
तिला वाटलं, उभं राहून होतं असं.
रोजच दुखणाऱ्या कमरेला
आजचं दुखणं वेगळं, हे कोण सांगणार?
संध्याकाळच्या चहाआधी पायाखाली पाणी.

वाशीच्या रुग्णालयात लेक, एक किलो तीनशे ऐंशी,
काचेच्या पेटीत, नाकात नळी,
टाच माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी.

मग प्रत्येकाकडे कारण निघालं.
सासू म्हणाली, पपई. दोन फोडी, मी बघितल्या ना.
आणि म्हणाली, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं...
पुढचं तिने पदराने पुसलं.
नणंद म्हणाली, गिराणात भाजी चिरली.
नवरा मोबाइलचं कव्हर काढत, घालत राहिला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इन्फेक्शन, वर चढलेलं,
त्यात रक्त कमी, त्यात अंतर कमी.
खरंच आहे त्यांचं.
मयुरी म्हणाली, मीच हंडा उचलला, ताई.

पाणी पी, म्हणत होते मी. दर भेटीला.
बोटं दाखवून, तीन बाटल्या.
ती मान हलवायची, रिकामी बाटली पुढे करायची,
मी खूण करायची, निळ्या पेनने.

काल पेटीशेजारी, वाटीत दूध पिळता पिळता
(चमचाभर, पिवळसर, सांडू नये म्हणून श्वास धरून)
ती म्हणाली, महापेच्या कंपनीत बायकांचा संडास एकच.
चावी सुपरवायझरच्या टेबलावर.
हरवू नये म्हणून तिला हातभर पीव्हीसी पाइप बांधलेला.
तो घेऊन सगळ्या लाइनीसमोरून जायचं.
दोनदा चालतं. तिसऱ्यांदा तो घड्याळाकडे बघतो.
बोलत काही नाही, ताई. बघतो फक्त.
म्हणून मी पीतच नव्हते.
भरलेली न्यायची, भरलेली आणायची,
तुम्ही यायच्या आत मोरीत ओतायची.

माझ्या निळ्या खुणा मोजल्या मी. सात.

माझा थोरलाही सातव्यातला.
एकोणीसचा आहे आता, दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागते.
त्याच्या वेळी मी दिवसातून चारदा मिश्री लावायचे,
डबी पोलक्यात.
कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही,
आणि आता पोरींना विचारताना
तो प्रश्न मी जरा भरभर विचारते.

आरोग्य केंद्रातून फोन आला:
अकाली प्रसूती एक, कारण एका शब्दात कळवा.
मी म्हणाले, चावी.
मॅडम म्हणाल्या, आवाज येत नाहीये, इन्फेक्शन ना?
हो म्हणाले.
रेंज चांगली होती.

आज लेक वीस ग्रॅमने वाढली.
मयुरी तिला गाउनच्या आत घेऊन बसली आहे, छातीला छाती,
बाहेर फक्त टोपी दिसते, लिंबाएवढा गोंडा.
मी पेला भरून देते. ती पिते.
दुसरा देते. माझ्याकडे बघत पिते.
मग लेक परत पेटीत, आणि आम्ही दोघी व्हरांड्याच्या टोकाला.
इथल्या संडासाला कुलूप नाही,
कडीही नाही.
मी दार धरून बाहेर उभी राहते.
सावकाश ये, म्हणते.