खरेदीखताआधी

यादीत चारच कामं :
तळघरातला पाणी उपसायचा पंप,
धुराड्याभोवतीची पत्र्याची झालर,
मागच्या जिन्याचा कठडा,
आणि वरच्या न्हाणीघरातला गळका नळ.
विकणाऱ्याच्या खर्चानं, खरेदीखताआधी.
माझ्या हातात अकरा दिवस.

डुलुथमध्ये एप्रिल हा नावापुरता वसंत.
सरोवराच्या काठाला बर्फाच्या लाद्या
रात्रभर एकमेकींवर करकरतात.
टोइवो किल्ली द्यायला येतो आणि जातच नाही.
सामान लेकीकडे गेलंय, स्वयंपाकघरात एक खुर्ची उरलीय,
तिच्यावर बसून तो माझं काम ऐकतो.

झालर उचकटली. खाली डांबर,
त्याखाली आणखी जुनं डांबर,
त्याखाली ठोकून सपाट केलेलं कॉफीच्या डब्याचं झाकण.
खाली येऊन दाखवलं.
"तेवढ्यापुरतं केलं होतं," म्हणाला.
कधी?
"एकोणऐंशी साली."

घेणारी देका वारसामे,
रात्रपाळी संपवून नर्सच्या कपड्यांतच आली, टेप घेऊन.
खिडक्या मोजल्या. जिन्यापाशी थांबली.
आपल्या खांद्याच्या जरा खाली आडवा हात धरून म्हणाली,
"माझी आई एवढी आहे."
मी यादी पाहिली. यादीत आई नव्हती.
घर त्या दिवशी धड त्याचं नव्हतं, धड तिचं नव्हतं,
मग विचारायचं कुणाला?
आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
"दुसरी दांडी लाव, खालून," टोइवो म्हणाला,
"लाकूड गॅरेजमध्ये आहे."

नळ शेवटी ठेवला होता.
नळाखाली एक फडकं, क्षारांनी पापडासारखं कडक झालेलं.
थेंबाचा आवाज होऊ नये म्हणून आयलीनं घातलेलं.
"रोज म्हणायची, हातासरशी करून टाक."
तो दारात उभा होता.
मी पाणी बंद केलं, नळ खोलला,
वायसर बदलला. सुपारीएवढा रबराचा तुकडा.
"झालं?" त्यानं घड्याळ पाहिलं.
वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

मी म्हणालो, जुनी बनावट आहे,
हा वायसर आता कुठे मिळत नाही,
माझ्याकडे एक पडून होता म्हणून.
त्यानं नळ सोडला, बंद केला,
पुन्हा सोडला, बंद केला.
मग कान देऊन उभा राहिला.
बराच वेळ.

दहाव्या दिवशी तपासनीस आला.
पंपाच्या खड्ड्यात बादली ओतली, पंप घुरघुरला.
चार खुणा केल्या, सही केली.
बुटकी दांडी त्याच्या कागदावर नव्हती
आणि माझ्या बिलातही नाही.

टोइवो खुर्ची उचलून निघाला.
एका हातात खुर्ची, मागच्या जिन्यानं,
जपून, एकेक पायरी.
दुसऱ्या हातानं त्यानं धरली
ती खालची दांडीच.