एकदाच लिहिता येते

दांडिया बाजारात, चष्म्याच्या दुकानावर,
अकरा पायऱ्या चढलात की माझं दुकान.
पाटीवर अजून 'व्हिडिओ शूटिंग' आहे,
शूटिंग मी कधीच सोडलं.
आता लोक जुन्या कॅसेटी आणतात
साडीच्या खोक्यातून, लीलो चेवडोच्या पिशवीतून,
आणि विचारतात, यातलं काय वाचेल?

वैजयंतीबाई दिघे तीन घेऊन आल्या.
लग्न, अठ्ठ्याऐंशी सालचं, कारेलीबागेतलं.
पहिलीवर बुरशी, तांदळाच्या पिठीसारखी.
उघडली, पुसली, वाळवली, लावली.
कॅसेटला घाई कळत नाही:
तीन तासांचं लग्न उतरायला तीन तास.
तेवढा वेळ बाई स्टुलावर बसून राहिल्या,
पर्स मांडीवर,
वऱ्हाडात बसल्यासारख्या.

मी तबकड्या दाखवल्या.
ही जुनी, पोटाशी जांभळी. हिच्यात रंग असतो,
उन्हातल्या पडद्यासारखा विटतो.
माझ्या बहिणीचं डोहाळजेवण
दहा वर्षांत मुकं झालं हिच्यावर.
ही नवी. किरण बारीक टोकाचा,
जुनी जिथे एक ओळ लिहायची तिथे ही पाच लिहिते,
आणि रंगावर नाही,
दगडासारख्या थरावर, कोरल्यासारखं.
कंपनी म्हणते शंभर वर्षं.
मी म्हणतो, तोवर कंपनी राहिली तर विचारू.

बाई हसल्या नाहीत.
"सगळं मावेल?"

हे मला कुणी विचारत नसे.
डीव्हीडीच्या काळात मी माणसं कापली आहेत.
जागाच पुरायची नाही.
आधी पंगत जायची, मग आहेर,
शालूची जर काटकसरीत
चौकोन चौकोन व्हायची.
कुणाची तरी आत्या
हात धुताना एकदाच दिसत होती, ती काढली.
महिन्याभराने तिचा मुलगा आला.
आईचा दुसरा फोटो नाही म्हणाला.

मावेल, म्हणालो. तिन्ही मावतील,
कुणाला काढायला नको.
मात्र जे धूसर आहे ते धूसरच राहील.
फक्त याहून जास्त नाही.

दुसऱ्या कॅसेटमध्ये
सप्तपदीच्या चौथ्या पावलावर
पडदा फरफरला आणि क्रिकेट लागलं.
हिरवळ, पांढरे कपडे,
एक बॉलर धावत येतोय, येतच राहिला
अकरा मिनिटं.
मग एकदम सूनमुख.

"ह्यांनी," बाई म्हणाल्या.
"प्रतापनगरहून ड्यूटी करून आले,
समोर दिसली ती कॅसेट घातली.
मागची पट्टी मोडायची राहिली होती ना.
तीन दिवस मी बोलले नाही.
चौथ्या दिवशी स्वतः पोळ्या लाटायला बसले,
एकेक पोळी म्हणजे गुजरातचा नकाशा."

मॅच काढून टाकतो, म्हणालो,
जोड कळणारसुद्धा नाही.

"कळणार नाही कसा?
तीन पावलं आणि सूनमुख?
राहू दे.
हल्ली घरात मॅच कुणी लावत नाही."

ट्रे आत गेला. लाल दिवा.
या तबकडीची एक गोष्ट
मी गिऱ्हाइकांना आजवर तोटा म्हणून सांगत आलो:
एकदाच लिहिता येते.
पुसता येत नाही, वर काही चढवता येत नाही.
त्या दिवशी फायदा म्हणून सांगितली.

"म्हणजे कोणी काही केलं तरी?"

कोणी काही केलं तरी.

बाईंनी जरा विचार केला.
"मग आमचं ते भांडण झालंच नसतं," म्हणाल्या,
आणि तबकडी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली,
रेशनकार्डाशेजारी.

उतरताना चौथ्या पायरीवर थांबल्या.
"अहो, पण हे लावायचं कशावर?
घरात काही नाही आता."

या इथे, म्हणालो.
स्टूल आहे.