रद्द करेपर्यंत वैध

न्यूयॉर्कचा बाजार उघडतो तेव्हा सोहारला संध्याकाळ झालेली असते.
ड्युटीची बस आम्हाला कॅम्पच्या दारात ओतून गेलेली,
बूट बाहेर, मोजे खिडकीत,
आणि परकार पलंगावर मांडी घालून
फोनची काच लुंगीच्या टोकाने पुसत बसलेला.

त्यानेच शिकवलं मला.
म्हणाला, तू व्हॉल्व्हचा माणूस, तुला सोपं जाईल.
स्टॉप-लॉस म्हणजे तुझा सेफ्टी व्हॉल्व्ह,
ठरल्या आकड्याला उडतो,
तू झोपलेला असलास तरी.
मी म्हटलं, उडतो खरा,
पण उडाल्यावर किती वाफ जाईल
ते कुठे आपल्या हातात?
तेच, म्हणाला. त्यालाच स्लिपेज म्हणतात.

एका शुक्रवारी मासळीबाजारात
कनादवर, म्हणजे आपल्या सुरमईवर, बोट ठेवून
मी अडीच रियाल म्हटलं आणि उभा राहिलो.
म्हातारा कोळी तीनच्या खाली उतरेना.
ऊन चढलं, बर्फाचं पाणी माझ्या चपलेपर्यंत आलं,
आणि मासा कुणा मल्याळी बाईच्या पिशवीतून निघून गेला.
रात्री डाळीला फोडणी देताना परकार म्हणाला,
लिमिट ऑर्डर लागली नाही वाटतं.
भाव राहिला ना तुझा? मग तोच वाढून घे.

पुट विकायची युक्ती मात्र मला फार आवडली.
तांब्याच्या खाणीचा शेअर हवाय, पण चाळीसला;
आज आहे त्रेचाळीस.
तर चार हजार डॉलर बाजूला काढायचे,
चाळीसला घेईनच असा शब्द द्यायचा
आणि शब्दाचे पैसे आधी मोजून घ्यायचे.
भाव उतरला तर शेअर आपला,
नाही उतरला तरी प्रीमियम आपला.
म्हणजे थांबण्याचा पगार, मी म्हटलं.
परकार, मी चौदा वर्षं इथे दुसरं काय करतोय?

तेव्हा तो हसला नाही.

त्याने स्वतःच्या शंभर शेअरांवर कॉल विकला होता,
पन्नासला नेलेस तर ने म्हणून.
शेअर बासष्टला गेले.
वरचे बारा दुसऱ्याचे, म्हणाला,
माझ्या वाट्याचा तर रुबीनाचा चष्मा आला मार्चमध्येच.

मग एका रात्री बाणकोटहून थोरल्याचा फोन आला.
काय झालं ते मी विचारलं नाही,
त्यानेही सांगितलं नाही.
मस्कतहून पहिलं विमान, कुठलंही;
तिकीट केवढ्याला पडलं ते त्याने बघितलंच नाही,
त्याने, जो चहाचे शंभर बैसाही लिहून ठेवायचा.
टॅक्सीत बसताना काच खाली करून
एवढंच म्हणाला: मार्केट ऑर्डर.

तीन आठवड्यांनी मेसेज आला,
बूट कुणाला तरी दे. आठ नंबर.

माझ्या जुन्या डायरीत पहिल्या पानावर लिहिलंय:
पंचवीस लाख झाले की परत.
दोन आणि पाच खोडून चाळीस.
चाळीसच्या डोक्यावर साठ, वेगळ्या शाईत.
भाव आलाच नाही असं नाही.
दोनदा येऊन दाराला टेकला,
आणि दोन्ही वेळा आदल्या रात्री
मीच ऑर्डर बदलली.

परकारच्या पलंगावर आता गडहिंग्लजचा पोरगा आहे,
सुकुमार चौगुले, वय चोवीस.
बस गेली की फोन काढून जवळ येतो,
काका, ही ऑर्डर आजच्या दिवसापुरती ठेवू
की रद्द करेपर्यंत?

मी म्हणतो, आधी बूट बाहेर काढ.
ते आठ नंबरचे आहेत, त्याला थोडे सैल होतात.