टर्बो

सकाळी नऊला तेल्मोनं सायकली वाटल्या,
पागेतून घोडे काढून द्यावेत तशा:
हिला डावीकडे ओढ आहे, हिचा ब्रेक कडक,
आणि ही (माझ्याकडे बघून) शहाणी आहे.
हेल्मेटला आतून कुणा परक्या केसांचा वास.
हँडलवर तीन बटणं : इको, टूर, टर्बो.
"पोर्तोत देवाचं नाव घेण्याआधी हे शेवटचं दाबायचं."
आम्ही पाचही जण हसलो.
चढण अजून कुणी पाहिली नव्हती.

पहिला चढ कॅथीड्रलचा.
मी पॅडलला नुसता पाय लावते
आणि मागून कुणीतरी सीट धरून ढकलतं,
सायकल शिकवताना ढकलायचे तसं,
फक्त हा हात सुटत नाही.
दगडी गल्ली खडखडत खाली निघून जाते,
निळ्या फरश्यांच्या भिंती, वाळत टाकलेले पायजमे,
दारात कोळशावर सार्डिन उलटणारा म्हातारा
ज्याला आमचं काडीचं कौतुक नाही.
दोन्ही गुडघे बदललेली हेंड्रिका
डचमध्ये काहीतरी ओरडते,
भाषा येत नसली तरी
'मी उडतेय' एवढं कळतंच.

प्रत्येक थांब्यावर एक राजा, एक बिशप, एक सन.
मग उतार, नदी, पुलाची लोखंडी कमान,
आणि कॉर्टिसेइराच्या पायथ्याशी
तेल्मो पहिल्यांदाच सन सांगत नाही.

"इथून मोळ्या वर जायच्या."
कार्केजा नावाचं झुडूप, पिवळ्या फुलांचं,
ठिणगी दाखवली की पेटणारं.
दोरू नदीतून होड्यांनी यायचं
आणि बायकांच्या पाठींवरून चढायचं
गावातल्या बेकऱ्यांच्या भट्ट्यांपर्यंत.
चाळीस किलो, पन्नास किलो,
कधी पोटात मूल.
"माझी पणजी खेपा मोजायची नाही.
मोजलं की पाय भरून येतात, म्हणायची."

"चढ किती टक्के?" रुआरी विचारतो,
मनगटावरचं घड्याळ आधीच पुढे करून.
"बावीस.
पण तिला टक्के ठाऊक नव्हते.
मोळीचा दर ठाऊक होता."

सगळ्यांनी टर्बो दाबलं.
अर्ध्यावर माझ्या पडद्यातली शेवटची रेघ गेली
आणि शहाणी जागच्या जागी अडली,
म्हैस अडते तशी, मान खाली घालून.
उतरले. ढकलू लागले.
तेवीस किलो लोखंड आणि मी.
दहा पावलं, वीस पावलं, पोटऱ्यांत गोळे.
वरच्या खिडकीतून एक आजी, केसांत रोलर,
काहीतरी म्हणाली. तेल्मोला हसू आवरेना.
"ग्रासिंदा विचारतेय,
पाठ तर रिकामी आहे हिची, मग?"

त्यानं आपली सायकल पुढे केली.
मी नको म्हणायला हवं होतं.
म्हटलंही, एकदा, अगदी हळू,
दुसऱ्यांदा विचारेल अशा बेतानं.

वर पोचले तेव्हा माझा श्वास शांत होता,
लाज वाटावी इतका.
खाली वळणावर तेल्मो दिसत होता,
कपाळ हँडलला टेकेल असा वाकलेला,
पाठ वर, डोकं खाली.
खिडकीतली आजी आता काही बोलत नव्हती.
रोलर सोडवायचे थांबवून
ती त्या पाठीकडे बघत होती.

मग तो आला, शर्टाला घाम पुसला,
दुकानाला फोन करून बॅटरीवरून भांडला,
आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून
सहा गरम लाद्या आणल्या, बोटं बदलत बदलत.
'पाँव,' म्हणाला.
मी म्हटलं, आमच्याकडेही पावच म्हणतात.
तुमच्याकडूनच आला शब्द, जहाजातून.

त्याला फार गंमत वाटली. तोंडातला घास संपवून म्हणाला,
"मग तुमच्याकडे भट्टीची लाकडं
कोण वाहायचं?"

रुआरी चढाचा आलेख बघत होता.
हेंड्रिका कवच मोडून कबुतरांना घालत होती.

मी म्हटलं, माहीत नाही.
विचारलं नाही कधी.