बशीची जागा

करीमाच्या शाळेत आम्हाला चौथीचा वर्ग मिळाला.
फळ्यावर कुणाचा तरी भागाकार
अर्ध्यावर सोडलेला.
त्याच्याखाली आमच्या सात गाद्या.
ओमदुरमानहून निघताना मी रंगांची पेटी उचलली नाही,
पातेलं उचललं.
हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

आठ महिने हात कोरडा.
कुणी म्हणालं, सित्तना, तू तर चित्रं काढायचीस ना,
की मी डाळ निवडायला घ्यायची.
मदतीच्या डाळीत खडे नसतातच फारसे.
तरी निवडायची.

समोर बर्कलचा डोंगर.
त्याचा सुळका म्हणजे फणा काढलेला नाग,
असं जुने राजे मानत, असं शाळेचा रखवालदार सांगतो.
मी रोज पाहिलं. मला दगड दिसला.
नदीपल्याड नूरीचे पिरॅमिड,
उंदरांनी कुरतडलेल्या गुळाच्या ढेपा.
वारसा म्हणे आपणहून बोलतो.
माझ्याशी नाही बोलला.

बोलली हाजा बतूल, तीही चिडून:
"पातेल्याची काजळी नळाखाली सोडतेस?
एवढ्यात चाळीस पोरं लिहायची!"
तिचा नवरा खलव्यात शिकवायचा,
लाकडी पाट्या, बोरूच्या लेखण्या, पहाटेचा जाळ.
तिने चमच्याने बूड खरवडलं,
पदराच्या गाठीतून डिंकाचा खडा काढला.
कोर्दोफानच्या बाभळीचा.
साऱ्या जगाच्या सरबतात जातो तो,
पण शाईत आधी आमच्या.
घोट, म्हणाली, मनगट दुखेपर्यंत घोट.
मी घोटली. नुसती घोटली. लिहायला काही नव्हतंच.

नळावर अल-तोम पाटी धूत होता.
शेजारच्या वर्गातला, नऊ वर्षांचा, दात पडके.
पाणी काळं होऊन वाहिलं,
पाटी उन्हाला लावली,
तर कालची अक्षरं आत तशीच,
फिकी,
कातडीखालच्या शिरांसारखी.
"पूर्ण जात नाहीत," तो म्हणाला,
"वरून लिहायचं."

मग शाबानमध्ये आम्ही उत्तरेला गेलो,
महसांच्या एका गावी, बतूलच्या मावसबहिणीच्या शोकाला.
लॉरीत दीड दिवस. तोंडात वाळू.
दाराच्या कमानीवर मातीत उठवलेली मगर,
चुन्याचे त्रिकोण, आणि भिंतीत बसवलेल्या
चिनी मातीच्या बशा, सूर्यास्ताला लखलखणाऱ्या.
पुरुष कैरोत भांडी घासत तेव्हा
मागे राहिलेल्या बायकांनी बोटांनी ही घरं लिंपली.
पाच बशा मोजल्या.
सहाव्या जागी खळगा.
वाकून पाहिलं तर गिलाव्यात
बशीच्या बुडाचं कडं, आणि आईचा,
म्हणजे त्या घरातल्या मेलेल्या आईचा,
अंगठ्याचा ठसा.

"विमान गेलं खालून, तेव्हा पडली,"
मुलगी सकीना म्हणाली. जाफ्यात साखर ढवळत होती.
"भरून का नाही घेतली?"
"कशाने भरू?"

मी अंगठा त्या ठशात ठेवून पाहिला.
माझा मोठा होता.
तेवढ्यात शोकाला आलेल्या बायका उठल्या,
मलाही उठावं लागलं.

परतल्यावर डाळीचा खोका फोडला.
आतली पुठ्ठ्याची बाजू, तपकिरी, आपल्या घरांच्या रंगाची.
बोरू चुकीचा कापला गेला, राहू दिला.
एक वर्तुळ. टोकं जुळली नाहीत.
त्यात काही काढलं नाही.
शेजारी दुसरं.
तिसऱ्याला शाई पुठ्ठ्यात झिरपली
आणि मागच्या बाजूचे छापील शब्द,
विकण्यास मनाई,
उलटे होऊन वर उमटले.
राहू दिले.

अल-तोम उकिडवा बसला.
"सूर्य आहे?"
नाही.
"ढोलकं? दल्लूका?"
नाही.
"पातेल्याचं बूड!"
मी हसले. किती महिन्यांनी ते बतूलला विचारा,
ती सगळं मोजून ठेवते.

तिने मात्र चित्राकडे पाहिलं नाही,
शाई दोन बोटांत चोळून पाहिली.
"डिंक कमी पडलाय. तडकेल."

सकाळी तडकलं होतं.
मी दुसरा खोका फोडला.